फणसाच्या फळीवरचा बर्फ

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाची एक जुनी फळी आहे. लांबी तीन फूट, रुंदी दीड फूट, आणि अंगावर बर्फ. म्हैसुरात बर्फ पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे माझी गोष्ट तुम्हाला खरी वाटेल की नाही, याची मला शंकाच आहे. मला नीट सांगताही येत नाही. पण ज्यांनी सांगायला हवी ती माणसं माझ्यापेक्षाही अबोल आहेत. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म एका फणसाच्या झाडात झाला. ते झाड मला आठवत नाही. मला आठवतो तो देवराज मोहल्ल्यातला रंगाऱ्यांचा कारखाना. गुंडुराव नावाचे रंगारी तिथे कापड छापत. त्यांनी मला रंधा मारला, अंगावर घोंगडीचे दोन पदर ताणून बसवले, आणि लुगड्यांचे काठ छापायला घेतलं. ठसा रंगात बुडायचा, कापडावर टेकायचा, वरून मुठीचा एक ठोका. दिवसभर ठोके. लाल, हिरवा, सगळ्यात जास्त निळा. कापडातून झिरपलेला रंग घोंगडीत उतरायचा आणि घोंगडीतून माझ्यात. गिऱ्हाईक काठाची वाहवा करायचं, तेव्हा गुंडुराव माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "खाली फळी सपाट आहे म्हणून काठ सरळ येतो, अल्वा, हो की नाही?" ती थाप मला आवडायची.

पुढे छापाचं काम बसलं. ठसे माळ्यावर गेले. गुंडुरावांची नातसून जयलक्ष्मी या घरात आली, तेव्हा तिने मला धुऊन पुसून दसऱ्याच्या बाहुल्यांची पायरी केली. आमच्याकडे नवरात्रात घरोघर बाहुल्या मांडतात. त्यांना गोंबे म्हणतात. पांढऱ्या चादरीखाली मी आडवी असायची आणि माझ्या पाठीवर राजा, राणी, वाणी, वाणीण, हत्ती असे ओळीने उभे राहायचे. मला चादरीतून त्यांचे पायच कळायचे. सगळे पाय एकाच दिशेला, बघायला येणाऱ्यांकडे. गोंब्यांनी माणसांना पाठ दाखवायची नाही, आणि कलश बसल्यावर विजयादशमीपर्यंत त्यांना जागचं हलवायचं नाही. हे दोन नियम जयलक्ष्मीला तिच्या सासूने सांगितले होते. तीस वर्षं ते मी अंगावर पाळले.

मग लोखंडाच्या, घडी होणाऱ्या पायऱ्या बाजारात आल्या. मी मागच्या खोलीत कपाटाआड गेले. एक बाजू भिंतीला, एक बाजू कपाटाला. धूळ बसली, एका कोपऱ्यात वाळवीने दोन बोटं जागा खाल्ली. अंधारात किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. अधूनमधून स्वप्नात ठोके ऐकू यायचे.

त्या खोलीत मला सोबत होती ती मनोहररावांची. मनोहरराव म्हणजे जयलक्ष्मीचे पती. एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, उंच, थोडे वाकलेले. बोलताना आधी घसा साफ करायचे आणि मग पुष्कळदा बोलायचेच नाहीत. त्यांना लहान लहान प्रतिकृती जोडायचा नाद होता. विमानं, जहाजं, रणगाडे. पण एकही पुरी व्हायची नाही. एक पंख लागला की त्यांना वाटायचं, कोन चुकला. मग ते पुस्तक काढून वाचत बसत आणि खोकं मिटून जाई. कपाटात अशी अकरा खोकी होती. त्यांची सून भव्या म्हणायची, "मामा, आपल्या घरी युद्ध कधी होणारच नाही. सगळेच अर्धे!"

मागच्या वर्षीच्या दसऱ्याला रणोजीराव बाहुल्या बघायला आले. ते पलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांचे पूर्वज जुन्या म्हैसूर फौजेतले, ते स्वतःही तरुणपणी पलटणीत होते, खेचरांवरून चौक्यांना रसद पोचवणाऱ्या तुकडीत. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे. बाहुल्या बघून झाल्यावर ते मागच्या खोलीत आले, मनोहररावांच्या टेबलाशी बसले आणि एक अर्धवट रणगाडा डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ फिरवत राहिले.

"मनोहरा, तुला बर्फ करता येतो?"

मनोहररावांनी घसा साफ केला. "बर्फ? कशाला काका?"

"डॉक्टर म्हणाला, काचबिंदू आहे. आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं. पुढच्या दसऱ्यानंतर तेही नाही, दिव्याची ज्योत तेवढी कळेल म्हणतो. तर बासष्ट सालच्या हिवाळ्यात मी ज्या चौकीवर होतो, ती मला एकदा बघायची आहे. फोटो नाही. कुणी काढलाच नाही. तू करशील?"

मित्रांनो, मी कपाटाआडून सगळं ऐकत होते. मनोहरराव हो म्हणाले. बहुतेक नाही म्हणायला जास्त शब्द लागले असते म्हणून. रणोजीराव गेल्यावर ते टेबलाशी इतका वेळ बसून राहिले की जयलक्ष्मीने येऊन विचारलं, "अहो, काय झालं?"

"मी आयुष्यात बर्फ पाहिला नाही, जयू."

"रसवाल्याकडे असतो की!" ती म्हणाली आणि हसली. मग त्यांचा चेहरा बघून तिने हसणं आवरलं.

आधी चार महिने फक्त आखणी चालली. त्यांनी हिमप्रदेशाची पुस्तकं वाचली, टिपणं काढली. रणोजीराव आठवड्यातून एकदा येऊन सांगायचे: डावीकडे, पुढच्या कोपऱ्यात खिंड, वारा तिथून. मध्ये दगडांची भिंत, तिच्या आडोशाला तंबू. उजवीकडे रॉकेलचे डबे. पाच शिपाई, एक खेचर. मनोहररावांनी तपकिरी कागदावर खऱ्या मापाचा नकाशा काढला. माणूस दोन इंचांचा, म्हणजे खिंड किती, तंबू किती, असा हिशेब. खोडलं, पुन्हा काढलं. शेवटी जयलक्ष्मी म्हणाली, "उन्हाळा आला. बर्फ वितळायच्या आत सुरू करा."

आणि त्या दिवशी त्यांनी कपाट सरकवून मला बाहेर काढलं. धूळ पुसली. वाळवी लागलेला कोपरा कापून तिथे सागाचा तुकडा बसवला. मग त्यांनी माझ्या पाठीवर हाताचा तळवा ठेवला. थाप नव्हे, नुसता तळवा. मला गुंडुरावांची आठवण झाली.

भव्या कडकोळच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिथे यंत्रं बांधून येतात त्यातले थर्माकोलचे जाड तुकडे तिने आणून दिले. त्यांतून डोंगर कापले गेले. वर प्लास्टरचा ओला लेप. इथे माझ्याकडून अपराध झाला. लेपाचं पाणी माझ्यात मुरलं आणि कधीचा साठलेला निळा रंग जागा होऊन वर चढला. सकाळी बघतात तर डोंगराच्या पायथ्याशी निळसर छटा. मनोहरराव डोक्याला हात लावून बसले. मला इतकी लाज वाटली की त्या वेळी वाळवीने उरलेलं खाल्लं असतं तरी चाललं असतं.

रणोजीराव आले, वाकले, डोळा अगदी जवळ नेला.

"मी खरवडून काढतो काका. पांढरा करतो."

"बर्फ पांढरा असतो, हे कुणी सांगितलं तुला?" रणोजीराव म्हणाले. "ऊन कललं की खड्ड्याखड्ड्यांतून असाच निळा व्हायचा. सुम्ने, तसंच असू दे. हात लावू नकोस."

उरलेल्या भागावर मनोहररावांनी आधी मीठ पेरलं. आषाढाच्या हवेत ते पाझरून चिकट झालं. ते धुऊन काढलं आणि गोंदाचा हात देऊन त्यावर रांगोळीची बारीक पूड चाळणीने पाडली. दुपारी खिडकीतून ऊन आलं की ती पूड माझ्यावर इतकी हळू उतरायची की मला झोप यायची. अर्धवट झोपेत मला वाटायचं, मी फळी नाहीच. मी कुठल्याशा दूरच्या डोंगराची पाठ आहे, माझ्यावरून कधी कुणी गेलं नाही. खाली रस्त्यावर बन्नूरच्या बसचा भोंगा वाजायचा, चमेलीवाली ओरडत जायची, आणि माझ्यावर मात्र अगदी शांत हिवाळा असायचा.

शिपाई पोस्टाने आले, प्लास्टिकचे. मनोहररावांनी त्यांना गोंदात भिजवलेल्या पातळ कागदाचे जाड कोट घातले, कानांवर लोकरीचे धागे गुंडाळले. खेचर मात्र कुठे मिळेना. मग चन्नपट्टणला खेळणी करतात त्या मऊ पांढऱ्या लाकडातून त्यांनी ते स्वतः कोरलं. चार मोडली, पाचवं जमलं. काळा रंग दिला. रणोजीरावांनी ते मुठीत धरलं आणि म्हणाले, "मल्लिगे."

"काय?"

"हिचं नाव. काळीकुट्ट, आणि मी ठेवलं मल्लिगे, मोगरा. सगळी पलटण हसली. घरची आठवण यायची रे, म्हणून. तिच्याशी मी कन्नडच बोलायचो. सगळे हिंदीत हाकायचे, तिला कळायचं नाही. मी नुसतं 'बा', ये, म्हणालो की यायची."

श्रावणात सगळं उभं राहिलं. प्रत्येकाच्या पायात तार घालून ती प्लास्टरमध्ये रोवली, गोंदाने पक्की केली. मनोहररावांनी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट पुरी केली होती. त्यांनी नवा शर्ट घालून रणोजीरावांना बोलावून आणलं.

रणोजीराव स्टुलावर बसले. आपल्या नळीतून डावीकडून उजवीकडे हळूहळू बघत गेले. आणि हसू लागले.

"काय रे मनोहरा, हे सगळे फोटोला उभे राहिलेत?"

"म्हणजे?"

"पाचही जण माझ्याकडे बघतायत. खेचरसुद्धा! अय्यो, तिथे वाऱ्याला कुणी तोंड देत नव्हतं. नाक गळून पडेल. माणूस असो, जनावर असो, वाऱ्याकडे पाठ. हे तर गोंबे झाले."

आणि खरंच मित्रांनो, तसंच झालं होतं. मनोहररावांनी इतकी पुस्तकं वाचली, निळ्या सावलीचा, बर्फाच्या पोताचा अभ्यास केला. पण शिपाई उभे करताना जन्मभर दसऱ्याला जे पाहिलं तेच हातून झालं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माझ्या पाठीवर पाय नेहमी असेच असायचे.

रणोजीराव गेल्यावर मनोहरराव खुर्चीत बसून म्हणाले, "मला वाटलंच होतं. माझं काहीतरी चुकणारच."

भव्या दारात उभी होती. "चुकलं तर फिरवा ना मामा. आमच्याकडे रोज माल परत येतो. आम्ही रडत बसत नाही, अष्टे, बास."

"पाय कापावे लागतील."

"मग कापा. त्यांना कुठे दुखणार आहे?"

त्यांनी एकेकाचे पाय पात्याने कापले, तारा बदलल्या, नवी भोकं पाडली. खिंड पुढच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणून सगळ्यांच्या पाठी तिकडे. मल्लिगेचीही. तिचा कासरा धरून उभा असलेला शिपाई म्हणजे एकवीस वर्षांचे रणोजीराव. त्याची पाठ तिच्या पाठीला समांतर. आता बघणाऱ्याला चेहरे दिसेनात. कोटांच्या कॉलरी, वाकलेले खांदे, खेचराची मागची बाजू. तरी ते जास्त खरं वाटत होतं. माझ्यावर पहिल्यांदाच वारा वाहू लागला.

देखावा दसऱ्यात मांडायचा, तर प्रश्न जयलक्ष्मीचा होता. पायऱ्यांवर अशी पाठमोरी मंडळी बसवायची?

ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभी राहिली. "सासूबाई असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं," ती म्हणाली. मग स्वतःच पुढे झाली आणि सगळ्यात खालची पायरी रिकामी केली. "त्यांना थंडी वाजतेय. थंडीला नियम कसले? पण एकदा कलश बसला की हात लावायचा नाही हां, आधीच सांगते. तुमचं रोज काहीतरी चुकतं."

नवरात्र बसलं. बायका आल्या, मुलं आली. राजा-राणीपेक्षा गर्दी माझ्यापाशी. "हे सगळे रुसलेत का?" एका मुलीने विचारलं. मनोहरराव घसा साफ करून आत पळाले.

सप्तमीला दुपारी उन्हं उतरताना रणोजीराव आले. त्या वर्षात त्यांची नजर आणखी आवळली होती. मनोहररावांनी त्यांना हाताला धरून माझ्यासमोर बसवलं. जयलक्ष्मी समईची वात सारत होती, भव्या प्रसादाच्या वाट्या भरत होती. रणोजीराव बघत राहिले. खिंड. भिंत. तंबू. डबे. एकेका शिपायापाशी थांबून त्यांनी नावं घेतली, पुटपुटत, हजेरी घ्यावी तशी. मग मल्लिगेपाशी आले आणि थांबले ते थांबलेच.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळं बरोबर आहे. एवढी सोडून."

मनोहररावांचा चेहरा उतरला. "काय चुकलं काका?"

"तुझं नाही चुकलं. मी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नाही." रणोजीरावांनी पंच्याने डोळे टिपले. "मागे फिरायचा हुकूम आला. ओझं टाका, जनावरं सोडा, खिंडीतून निघा. मी कासरा सोडला. वाऱ्याच्या तोंडावर चालत सुटलो. वळणावर मागे बघितलं. बाकीची जनावरं पाठ करून उभी होती. ही नाही. ही वाऱ्याकडे तोंड करून उभी, माझ्याकडे बघत. डोळ्यांत बर्फ जात होता तिच्या. 'बा' म्हणालो असतो तर आली असती. पण हुकूम होता. मी नाही म्हणालो." पंचा खांद्यावर टाकत ते म्हणाले, "जाऊ दे. साकु, पुरे झालं. छान केलंस तू."

मनोहररावांनी जयलक्ष्मीकडे बघितलं. कलश बसलेला. सप्तमी. गोंबे हलवायचे नाहीत. आणि पुढच्या दसऱ्याला रणोजीरावांना नुसती ज्योत दिसणार. माझ्या अंगावरचे थर्माकोलचे डोंगर मला एकदम जड वाटू लागले.

जयलक्ष्मीने वातीची काडी खाली ठेवली. "भव्या, चल, आत नारळ फोडायचाय."

"आत्या, नारळ सकाळीच फोडला की."

"दुसरा फोडू. चल. इथे काय होतंय ते मला आतून काही दिसत नाही." दारातून ती वळून नवऱ्याला म्हणाली, "लवकर उरका. बायका यायच्या आहेत."

मनोहररावांनी पातं आणलं. एरवी एका कानाच्या कोनावर दोन दिवस विचार करणारा माणूस, त्यांनी एका दमात चारही खूर कापले. पातं निसटलं, बर्फाला तडा गेला. त्यांनी तिकडे बघितलं नाही. मल्लिगेला उचलून वळवलं.

"आणखी थोडं," रणोजीराव म्हणाले. "आणखी. मान वर होती तिची."

मान लाकडाची, ती कशी वर होणार? मनोहररावांनी पुढच्या खुरांखाली रांगोळीचा गोंद जरा जास्त घातला. ती उंचावली. आता सगळ्या देखाव्यात एकटीचं तोंड वाऱ्याकडे होतं.

"आणि हा मी. मला काढ इथून."

तो शिपाई उपटून निघाला. कासऱ्याचा दोरा बर्फावर पडला. मनोहररावांनी शिपाई रणोजीरावांच्या तळहातावर ठेवला. रणोजीरावांनी बोटांनी त्याचा कोट चाचपला, कान चाचपले. मग चौऱ्याऐंशी वर्षांचा तो हात पुढे आला, माझ्यावरच्या खिंडीपर्यंत चाचपडत गेला, आणि त्या एवढ्याशा शिपायाला त्यांनी वळणावर उभं केलं. खिंडीकडे पाठ, मल्लिगेकडे तोंड. परत येणारा.

तो हात माझ्यावर टेकलेला होता. इतक्या वर्षांत माझ्यावर किती ठोके पडले, पण त्या हाताचं वजन मला अजून कळतं.

"बा," रणोजीराव म्हणाले. "मल्लिगे, बा."

मनोहररावांनी गोंदाची बाटली उघडली. "काका, पाय पक्के करू?"

"नको," रणोजीराव म्हणाले. "चालू दे त्याला."

विजयादशमीनंतर बाकीच्या बाहुल्या खोक्यात गेल्या. मी गेले नाही. जयलक्ष्मीने मला दिवाणखान्यात खिडकीशी ठेवलं आहे. रणोजीराव अजून येतात. हल्ली ते बघत नाहीत. स्टुलावर बसतात, हात जिथे टेकला होता तिथे टेकतात आणि मनोहररावांशी गप्पा मारतात. मनोहररावांनी परवा अकरा खोक्यांतलं एक खोकं उघडलं. विमानाचा दुसरा पंख लागला. कोन थोडा चुकलाय म्हणे, पण लागला.

मला आणखी काय सांगायचं होतं ते आता आठवत नाही. तुमच्या घरीही एखादी जुनी फळी असेल, कपाटाआड, धुळीत. तिला कुणाचा तरी भार उचलता येतो, हे विसरू नका. आणि कधी आमच्या घरी आलात, बर्फावरची धूळ झटकावीशी वाटली, तर फुंकर मारू नका. मऊ ब्रशने हळूच झटका. तो वळणावरचा शिपाई चिकटवलेला नाही. चुकून पडलाच, तर घाबरू नका. त्याला उचला आणि पुन्हा उभा करा. फक्त तोंड मल्लिगेकडे करा, मित्रांनो. ती वाट बघते आहे.